कार्डाच्या पंख्याला लावलेलं गंध

सरस्वतीपूजेला आमच्या तंजावुरात कामाची प्रत्येक वस्तू देवापुढे जाते. रिक्षावाले रिक्षाला केळीचे खुंट बांधतात, टाउन बसच्या कपाळाला गंध लागतं, शिंपी मशीनला हार घालतो. मुलं नेमकी अवघड विषयांची पुस्तकं पूजेत ठेवतात, कारण पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो. यंदा मी नवऱ्याचा कॉम्प्युटर ठेवला. तो होता तेव्हा स्वतःच ठेवायचा. वरच्या पत्र्याला एक बोट गंध लावायचा की झाली पूजा. मला तेवढ्यानं समाधान होईना. अति तेथे माती म्हणतात ते उगीच नाही.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. मी आयुष्यभर घरी हिंदीच्या परीक्षांची शिकवणी घेतली, म्हणून मला देवनागरी येते आणि हे लिहिता येतं. नाहीतर आमच्या तंजावुरी मराठी घरांत लिहायचं झालं की तमिळ, बोलायचं झालं की मराठी आणि रागवायचं झालं की दोन्ही. आता शिकवणीलाही कोणी येत नाही. दूधवाला, भाजीवाली, शेजारीण, सगळ्यांशी तमिळ. वाईट काहीच नाही, तमिळ माझीच आहे. पण नवरा गेल्यापासून मराठी बोलायला उरली फक्त अक्का, माझी थोरली बहीण. ती बंगळूरला मुलाकडे असते. दर रविवारी दुपारी चार वाजता ती तिकडच्या टीव्हीवर आणि मी इकडे कॉम्प्युटरवर समोरासमोर बसतो.

फोनवर का बोलत नाही, असं शेजारीण दर वेळी विचारते. अक्काला ऐकू येत नाही. पन्नाशीनंतर हळूहळू दोन्ही कान गेले. यंत्र लावलं की तिला म्हणे नुसती भांडी घासल्यासारखी आदळआपट ऐकू येते. ती माझे ओठ वाचते. ही विद्या जुनी आहे. आमचं माहेर तिरुवैयारूचं. वडील पुढच्या खोलीत गाणं शिकवायचे, आणि शिकवणी चालली असताना घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. मग आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दोन भिंतींना टेकून आवाजाशिवाय बोलायचो. नुसते ओठ. पदार्थांची चोरी, शेजाऱ्यांच्या नकला, वडिलांच्या शिष्यांत कोण किती बेसूर, सगळं. तिकडे सारेगम चाललेलं आणि इकडे आमचं मुकं भांडण. त्यामुळे आज अक्काला तिच्या सुनेचं अर्धंमुर्धं कळतं, डॉक्टरचं काहीच कळत नाही, पण माझं मराठी तिला सहज वाचता येतं. मात्र तोंड मोठं आणि स्थिर दिसायला हवं. मी एकदा लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून बघितला. तो दर दोन मिनिटांनी घसरायचा. अक्का म्हणाली, "काय गे, हनुवटीशी बोलू की काय मी?"

यंदा विजयादशमी रविवारी आली होती आणि त्या रविवारचं महत्त्व वेगळं होतं. अक्काचा मुलगा घर बदलत होता. नव्या घरात एक जास्तीची खोली होती आणि ती घ्यायची की नाही हे त्याला त्याच संध्याकाळी घरमालकाला सांगायचं होतं. अक्काचं म्हणणं, ती खोली माझी. तंजावूर सोड आणि इकडे ये. आदल्या रविवारी यावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, इथे माझं काय अडलंय? तिनं डोळे मिटून घेतले. बहिऱ्या बाईनं डोळे मिटले की भांडण तिथेच संपतं, समोरचा कितीही ओरडो. नंतर मुलाच्या मोबाइलवरून तिचा तमिळमध्ये निरोप आला: पुढच्या रविवारी तोंडानं सांग. लिहून पाठवलेलं उत्तर मी धरणार नाही. तू समोर आलीच नाहीस तर नाही म्हणालीस असं समजेन.

ती तसं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. तमिळमध्ये लिहायला बसलो की आम्ही दोघी फार शहाण्या बायका होतो. 'तुमची तब्येत कशी आहे, काळजी घ्यावी' वगैरे. खरं खोटं करायचं ते मराठीत, आणि ओठांनी.

मला 'नाही'च म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हणायला तरी तोंड दाखवायला हवं. समोर न येता गेलेलं 'नाही' मला नको होतं.

तर शनिवारची पूजा. मी ठरवलं की वरवर गंध लावायचं नाही, नीट करायचं. सगळ्या वायरी काढल्या, कॉम्प्युटरच्या पेटीचा बाजूचा पत्रा उघडला आणि आतली धूळ ब्रशनं झाडली. आत एक आडवं जाडजूड कार्ड होतं आणि त्यावर पंखा. मॉनिटरवर चित्र पाठवणारं हे कार्ड नवऱ्यानं हौसेनं बसवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याला विमान चालवायच्या खेळाचा नाद लागला. आयुष्यभर तालुका कचेरीत खुर्चीवर बसलेला माणूस दुपारी जेवून सिंगापूरला जाऊन यायचा. मी विचारायचे, "चहा विमानात घेणार की घरी?"

सहाणेवर ताजं गंध उगाळलं. पेटीला लावलं, मॉनिटरला लावलं, की-बोर्डला लावलं. मग वाटलं, खरं काम तर आतलं यंत्र करतं. गाडीला गंध लावताना बॉनेट उघडून इंजिनालाही लावतातच ना? म्हणून कार्डाच्या पंख्याच्या मध्यावर छान घट्ट गोल टिळा लावला आणि त्यावर कुंकू. मला आता कुंकू नाही. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही आणि मीही जात नाही. पण कॉम्प्युटरला कुंकू लावायला कोणाची हरकत नव्हती. हात जरा मोकळाच सुटला. खरं सांगायचं तर बोटाला कुंकू लागलं याचंच मला बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी पुन्हा पूजा केली, कार्डाच्या टिळ्यावरही ओलं गंध चढवलं, पत्रा लावला, पोरी आणि कडलै, म्हणजे चुरमुरे-डाळं, नैवेद्याला दाखवलं आणि वायरी जोडून बटण दाबलं. विजयादशमीला वस्तू थोडी तरी वापरायची असते. पेटी घुरघुरली. मॉनिटरवर अक्षरं आली. आणि खोलीत चंदनाचा असा सुवास दरवळला की मी हात जोडले. वाटलं, सरस्वती प्रसन्न झाली. थोड्या वेळानं त्या सुवासात जळका वास मिसळला आणि पडदा काळा झाला. मग त्यावर एक छोटी चौकट आली: नो सिग्नल. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात भटकत राहिली आणि शेवटी मॉनिटर झोपला.

मी आधी मॉनिटरच्याच मागे लागले. त्याची बटणं दाबली, वायर काढून पुसून लावली, प्लग बदलला, दोन चापट्याही मारल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रामेश्वर आम्हाला जवळ आहे, तरी मी बंब घेऊन भलतीकडेच. पेटी तर चालू होती, दिवा लागत होता. मग पत्रा काढून आत बघितलं. टिळ्याचं गंध सुकायच्या आधीच पंखा फिरला होता. ते भोवती उडालं होतं, उरलेलं पात्यांच्या सांध्यात जाऊन घट्ट बसलं होतं आणि पंखा अडकला होता. कार्ड तापून गेलं होतं. मी माझ्या हातानं, भक्तिभावानं, नवऱ्याचं विमान पाडलं.

दुकानदाराला फोन केला. हाच कॉम्प्युटर त्यानं जोडून दिला होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, आज दुकान नाही. माझे स्क्रूड्रायव्हरसुद्धा पूजेत आहेत. कार्ड काढून टाका आणि वायर पेटीच्या वरच्या भोकात लावा. आत चित्राची सोय आहे. उद्या बघतो." उद्या! मी त्याला अक्काचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. परक्या माणसाला काय सांगणार, माझी बहीण चार वाजता माझं तोंड बघणार आहे म्हणून?

पूजेतला नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, नमस्कार केला, प्लग काढला आणि कार्ड सोडवलं. ते निघता निघेना. एका टोकाला खिटी आहे हे कळेपर्यंत माझ्या तोंडून जे शब्द गेले ते सरस्वतीपुढे बोलायचे नव्हते. वरच्या भोकात, जिथे की-बोर्डची वायर जाते त्याच्या शेजारी, मॉनिटरची वायर लावली. बटण दाबलं. नो सिग्नल.

शेजारीण वाटीत सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन आली. दारातूनच तिनं पसारा बघितला आणि म्हणाली, "एवढं कशाला मांडलंय? मोबाइलवर बोला की." मी म्हटलं, हो. ती भली बाई आहे. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसून थोडं रडले. सुंडल तिखट होतं म्हणावं तर तसंही नव्हतं.

मग मोबाइलवर तमिळ व्हिडिओ शोधले. एक पोरगा ढोलताशाच्या संगीतावर सांगत होता की मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासा. शिकवणीच्या डब्यात खोडरबरांची कमतरता नव्हती. घासले. पट्टी परत दाबून बसवली. नो सिग्नल. दुसरा म्हणाला, नुसत्या कार्डावर चालणारे काही कॉम्प्युटर असतात, त्यांना आतलं चित्र नसतंच. मी घाबरले. पण दुकानदार म्हणाला होता, सोय आहे. असली तर दिसत का नाही?

तेव्हा मला नवऱ्याचा आवाज आठवला. भुताटकीबिताटकी नव्हे, साधी आठवण. मी मुरुंगेची, म्हणजे शेवग्याची, पानं निवडत बसले होते आणि तो कार्ड बसवून झाल्यावर विजयी मुद्रेनं सांगत होता, "आतलं चित्र मी बंद करून टाकलों. आता सगळा जोर कार्डाचा." त्याला सगळं कोणाला तरी सांगावं लागायचं आणि घरात मीच होते. मी पानं निवडताना हूं हूं करायचे. ते हूं कुठेतरी साठून राहिलं होतं म्हणायचं.

म्हणजे चित्राची सोय होती, पण तिला कुलूप होतं, आणि कुलूप उघडायला पडद्यावर दिसायला हवं, आणि पडद्यावर तर काहीच नाही. पहिल्या पोराच्याच दुसऱ्या एका व्हिडिओत उपाय सापडला. मदरबोर्डवर घड्याळाला असतो तसा एक गोल सेल असतो. प्लग काढून तो सेल काढायचा, थोडा वेळ थांबायचं, परत घालायचा. मग आपण केलेल्या सगळ्या खोड्या यंत्र विसरतं आणि पहिल्यासारखं होतं. मी नखानं तो सेल उचकला आणि देवापुढच्या तबकात ठेवला. तोवर जेवून घेतलं. सकाळचा भात होता, दह्यात कालवलेली डांगर पच्चडी होती.

सेल घालून बटण दाबलं. पडदा काळा. मी वायर हातात धरून बसले होते, जणू मी धरलं म्हणजे चित्र येईल. आणि मग पांढरी अक्षरं आली. तारीख आणि वेळ बरोबर नाही, पुढे जायला अमुक बटण दाबा. मी एवढ्यानं "आलं गे!" ओरडले की स्वतःच्याच आवाजाला दचकले. घरात मराठी शब्द मोठ्यानं उच्चारला गेला होता.

चार वाजायला फार वेळ नव्हता. मी घाईनं अक्काला लावायला गेले तर ते लागेना. इंटरनेट चालू, पण प्रत्येक पानावर इशारा, तुमचं घड्याळ चुकलं आहे. कोपऱ्यात बघितलं. सेल काढल्यावर कॉम्प्युटर सगळंच विसरला होता, आणि त्याच्या लेखी ते वर्ष चालू होतं ज्या वर्षी तो आमच्या घरी आला. त्या वर्षी नवरा होता. दुकानातून पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं आला होता, आणि मला पेटीची दुसरी बाजू धरायला लावली होती.

ती तारीख बदलल्याशिवाय अक्का दिसणार नव्हती. एक एक वर्ष पुढे न्यायचं. मी बाणाचं बटण दाबत गेले. तो असलेली वर्षं गेली, मग ते वर्ष आलं आणि तेही माझ्याच बोटानं पुढे गेलं, मग नसलेली. मला त्या कॉम्प्युटरचा राग आला. त्याला विसरता आलं होतं आणि मला पुन्हा आठवण करून द्यावी लागत होती. पण मी तारीख लावली. दुसरा इलाज नव्हता.

चारला अक्का दिसली. मोठी, स्पष्ट, कपाळावर नेहमीचं पोट्टू म्हणजे टिकली, आणि मागे नातवंडांची पळापळ. मी केस सारखे केले. दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य तयार होतं: मी इथे बरी आहे, खोली घेऊ नका. आणि आज तर पुरावाही होता. बघ, कॉम्प्युटर एकटीनं दुरुस्त केला. माझं काय अडतंय?

मी म्हटलं, "मी इथे बरी आहे."

अक्कानं डोळे बारीक केले. "कळालं नाही. परत म्हण."

मला वाटलं पडदा अंधुक असेल. हे आतलं चित्र कार्डाएवढं झळझळीत नाही खरं. मी जवळ सरकले. "मी. इथे. बरी आहे."

"काय करत्येस गे तोंडानं?" ती म्हणाली. अक्का स्वतःचा आवाज ऐकत नसल्यानं फार मोठ्यानं बोलते. "आधी कसं वाचता यायचं. आता ओठच हलत नाहीत तुझे. आठवडाभर कोणाशी बोललीस की नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं. बोलले की. दूधवाल्याशी, शेजारणीशी, दुकानदाराशी. पण ते तमिळ, आणि तेही दोन-दोन शब्द. मराठी मी त्या आठवड्यात एकदाच बोलले होते, पडद्यावर अक्षरं आली तेव्हा, आणि ते ऐकायला कोणी नव्हतं. मला ओठांना हात लावून बघावासा वाटला.

"परत म्हण की," अक्का म्हणाली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि घातला, आणि टीव्हीच्या अगदी जवळ येऊन बसली. तिला खरंच वाचायचं होतं. या जगात माझं तोंड बघायला एवढी वाकून बसणारी दुसरी कोणी नव्हती.

तिसऱ्यांदा मी ते वाक्य म्हणायला गेले आणि ते आलंच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बोलायचे तसं, आवाज न काढता, मी म्हटलं, "अक्का, मला फार एकटं वाटतं."

तिनं मान हलवली. "हे कळालं," ती म्हणाली.

मग ती डोळे मिटेल म्हणून मी घाबरले. तिनं मिटले नाहीत. मागे वळून मुलाला हाक मारली आणि ती खोली घ्यायला सांगितली.